तळे राखी तो प्रीमियम भरी

या वेळच्या टपालात तरणतलावाचीच पत्रं जास्त. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी असंच होतं. एप्रिल-मे पोहण्यात जातो, जूनमध्ये टाइल्सच्या सांध्यांतून पाणी झिरपायला लागतं आणि मग कपाटातली पॉलिसी बाहेर निघते. माझी सगळी नोकरी विम्याच्या क्लेममधलं नुकसान मोजणारी सर्व्हेअर म्हणून गेली. पडलेल्या भिंती, जळलेली गोदामं, भिजलेली साखरेची पोती मोजत हिंडले. त्यामुळे विमा विकणाऱ्याच्या आणि माझ्या बोलण्यात थोडा फरक पडणारच. त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : ताई, आम्ही पुण्यात राहतो. अलिबागजवळ चौलला आमचा बंगला आहे. मागच्या वाडीत २२ बाय ११ फुटांचा तलाव बांधला, १४ लाख खर्च आला. एजंट म्हणतो, "तलाव घरातच धरला जातो, वेगळं काही करायला नको." दुसऱ्या एका कंपनीनं तलावासह कोटेशन दिलंय, त्यात लाखाला ४० रुपये असा दर आहे. तलावाचा विमा खरंच इतका स्वस्त असतो का? की मागाहून काही निघतं? शनिवार-रविवारी आम्ही बंगला ओळखीच्यांना देतो, ते खर्चापुरते पैसे देतात. त्यानं काही फरक पडतो का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमच्या एजंटाचं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तुम्हाला महागात पडेल.

१ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक जनरल इन्शुरन्स कंपनीला घरासाठी एक ठरावीक पॉलिसी द्यावीच लागते, तिचं नाव 'भारत गृह रक्षा'. घराबरोबर आवारातली इतर बांधकामंही तिच्यात घालता येतात. कंपाउंड वॉल, गेट, गॅरेज, सेप्टिक टँक, पाण्याच्या पक्क्या टाक्या, सोलर पॅनेल, सगळं. पण घालता येतं म्हणजे आपोआप घातलं जातं असं नाही. घराची विमा रक्कम काढायची रीत सरळ आहे : कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा चालू दर. तलाव कार्पेट एरियात बसत नाही, त्याची किंमत इतर बांधकामांत वेगळी लिहावी लागते. तुम्ही पत्राबरोबर शेड्यूलची, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानाची, प्रत जोडलीत हे फार बरं केलंत. त्यात इमारत ६५ लाख आहे, घरातल्या सामानाचा आकडा आहे आणि 'इतर बांधकामे' या रकान्यात एक आडवी रेघ आहे. ती रेघ म्हणजे तुमचे १४ लाख. उद्या क्लेम करायची वेळ आली तर सर्व्हेअर पहिलं बोट त्या रेघेवर ठेवेल, मी असते तर मीही ठेवलं असतं.

तेव्हा आधी एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत लेखी दुरुस्ती, करून घ्या. 'आरसीसी स्विमिंग पूल. पंपरूम, फिल्टर, डेक आणि कोपिंगसह. १४ लाख' असे शब्द शेड्यूलवर छापून आले पाहिजेत (कोपिंग म्हणजे तलावाच्या काठाची फरशी). एजंटाच्या व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालणार नाही.

आता पैशांचं. लाखाला ४० दरानं १४ लाखांचे झाले ५६०. त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ६६० रुपये ८० पैसे. (आयुर्विम्याच्या आणि आरोग्यविम्याच्या वैयक्तिक पॉलिसींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला गेला, घराच्या विम्यावरचा गेलेला नाही. 'तुम्ही कर लावताच कसा' म्हणून एजंटाशी भांडू नका.) म्हणजे हो, तलाव खरंच स्वस्तात विम्याखाली येतो, आणि त्यात लपवाछपवी काही नाही. जमिनीत गाडलेलं, पाण्यानं भरलेलं काँक्रीट जळत नाही आणि ते कुणी चोरून नेत नाही. कंपनीला त्याची भीती कमी, म्हणून दर कमी.

या साडेसहाशे रुपयांत मिळतं काय ते तुमच्याच भागावरून सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा तिकडच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी ओळीनं आडव्या झाल्या. असा एखादा माड तलावाच्या काठावर पडला, कोपिंगचे दगड फुटले, पंपरूमचे पत्रे उडाले, तर ते वादळाचं नुकसान आणि ते मिळतं. भूकंप, पूर, वीज, दरड, आग, दंगल हेही त्यात आहे. मिळत काय नाही, तर तलावाच्या मालकाला ज्याचा त्रास रोज होतो ते बहुतेक सगळं : टाइल्स सुटणं, वॉटरप्रूफिंग जाणं, नवं बांधकाम बसताना पडणाऱ्या भेगा, कंत्राटदारानं कमी सिमेंट वापरलं म्हणून झालेली गळती. व्होल्टेज वर-खाली होऊन पंपाची मोटर जळली तर तीही मूळ पॉलिसीत नाही. त्यासाठी हाउसहोल्डर पॅकेजमध्ये, म्हणजे घराचे निरनिराळे विमे एकत्र असलेल्या पॉलिसीत, घरगुती उपकरणांच्या बिघाडाचं वेगळं कलम असतं, ते घेताना पंपाचं नाव आणि एचपी लिहून द्या. बंगला बरेच दिवस बंद असतो का तेही कळवा. सलग ३० दिवसांच्या वर घर रिकामं राहणार असेल तर कंपनीला सांगण्याची अट बऱ्याच पॉलिसींत असते, आणि पुण्याचा माणूस पावसाळ्यात चौलला किती वेळा जातो हे मला ठाऊक आहे.

इथवर तलावाचा विमा झाला. तुम्ही न विचारलेला विमा दुसराच आहे, आणि पैसे त्यातच आहेत.

तलावात पाहुणा बुडाला तर? तुमच्या पत्रात खोली साडेपाच फूट लिहिलीय, कुंपणाचा उल्लेख नाही आणि 'ओळखीचे' येतात. धरा, कुणी पस्तिशीचा गृहस्थ आला, वर्षाला १२ लाख मिळवणारा, मागे बायको आणि दोन मुलं. अपघाती मृत्यूची भरपाई काढायला मोटार-अपघातांच्या दाव्यांत एक हिशेब ठरलेला आहे, तो २००९ च्या सरला वर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं पक्का केला. इतर प्रकारच्या दाव्यांतही न्यायाधीश त्याचा आधार घेतात. उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा करायचा, राहिले ८ लाख. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. झाले १ कोटी २८ लाख, आणि भविष्यातली पगारवाढ यात धरलेलीच नाही. निष्काळजीपणा तुमचा ठरला तर हा आकडा तुमच्या दारात येतो. तुमच्या अख्ख्या बंगल्याची विमा रक्कम ६५ लाख आहे.

गृह रक्षा पॉलिसी यात एक पैसा देत नाही, ती फक्त विटा-सिमेंटाची आणि सामानाची. यासाठी हवी सार्वजनिक जबाबदारीची, म्हणजे पब्लिक लायबिलिटीची पॉलिसी. स्वतः राहण्यासाठीच्या घराला ती हाउसहोल्डर पॅकेजमधलं एक कलम म्हणून मिळते. मर्यादा आपण निवडायची, आणि लोक सगळ्यात खालची निवडतात कारण तिथं प्रीमियम कमी दिसतो. घरची माणसं आणि पगारी नोकर त्यात येत नाहीत. तुमचा माळी बॅलन्सिंग टँक (तलावाचं उतू जाणारं पाणी साठवणारी टाकी) साफ करायला उतरून घसरला तर ती कामगार नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी. एक घोटाळा मात्र टाळा. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा भोपाळनंतर आला, तो घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी. त्या कायद्याची पॉलिसी कुणी तुमच्या गळ्यात मारली तर तिचा तलावाला शून्य उपयोग. नावं सारखी आहेत, म्हणून अशी पॉलिसी घेतलेले लोक मी पाहिलेत.

आणि ते 'खर्चापुरते पैसे'. किती घेता याला महत्त्व नाही. पैसे घेतले की घर राहण्याचं न उरता धंद्याचं झालं, असं कंपनी म्हणू शकते. लायबिलिटीचं कलम तर तिथंच गळून पडेल. शिवाय पैसे देऊन राहणारा माणूस ग्राहक म्हणून ग्राहक आयोगात जाऊ शकतो. पर्याय दोन. एक तर पैसे घेणं बंद करा आणि खरेच पाहुणे बोलवा. नाहीतर सरळ होमस्टे म्हणून कंपनीला कळवा, मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' घ्या (छोट्या धंद्यांची ही पॉलिसी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला चालते) आणि लायबिलिटीची बिगर-औद्योगिक पॉलिसी घ्या, हॉटेलं घेतात ती. तिच्यातही तरणतलावाचा उल्लेख वेगळा करून घ्यावा लागतो, आणि मर्यादा दोन असतात : एका घटनेची आणि अख्ख्या वर्षाची. एका घटनेची मर्यादा वर दिलेल्या हिशेबाच्या खाली ठेवू नका. प्रीमियम त्या मर्यादेवर, पाहुण्यांच्या संख्येवर, तलाव किती खोल आहे यावर आणि देखरेखीला माणूस आहे की नाही यावर ठरतो, म्हणून तुम्हाला आकडा मी सांगत नाही. पण दोन-तीन कंपन्यांकडून कोटेशन मागवा, एकच मर्यादा सगळ्यांना देऊन. नाहीतर तुलना कशाची करणार?

शेवटी कुंपण. चार फुटी जाळी, आपोआप मिटणारं फाटक, मोठ्या माणसाचाच हात पोचेल एवढ्या उंचीवर कडी. अलिबाग-लोणावळ्याच्या व्हिलांचे फोटो पाहते तेव्हा निळंशार पाणी थेट दिवाणखान्याच्या उंबऱ्याला लागलेलं असतं. फोटो छान येतो, खरंय. दिव्यांचंही बघा : पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच हवेत आणि तलावाच्या सगळ्या वायरिंगवर ३० मिलीॲम्पिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. या गोष्टी नसल्या तर पैशांच्या दाव्याबरोबर फौजदारीही मागे लागते. निष्काळजीपणानं मृत्यूसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. तुरुंगवास कुठल्याच पॉलिसीत भरून मिळत नाही.

प्रश्न : मॅडम, आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात खाडीजवळ. गेल्या जुलैत तलावाला शेवाळ धरलं म्हणून पंप लावून पूर्ण उपसला आणि घासायला दोन माणसं लावली. पाऊस जोरात होता, काम थांबलं. दोन-तीन दिवसांनी बघतो तर तलावाची खाडीकडची बाजू सहा इंच वर आलेली, भिंतीला आरपार चीर, पाइप तुटलेले. शेड्यूलमध्ये तलाव नावानं आहे. कंपनीनं क्लेम नाकारला, म्हणते हा पूर नाही. मग आहे काय हे? २० बाय १० चा तलाव आपोआप वर येतो? – एक वाचक, जिल्हा रायगड

उत्तर : येतो. किनारपट्टीच्या तलावांचा हा जुना रोग आहे. मी स्वतः एका ठिकाणी काठाच्या फरशीला हात लावून खाली पाहिलं, तर तलावाच्या तळाखाली कोपरभर पोकळी आणि तिच्यात गढूळ पाणी डचमळत होतं. मालक शेजारी उभा राहून कंत्राटदाराला शिव्या घालत होता. त्यात कंत्राटदाराचा वाटा थोडाच होता.

हिशेब करून बघा. तुमचा तळ २०० चौरस फूट, म्हणजे साधारण १८.६ चौरस मीटर. खोली पाच फूट, दीड मीटर. जुलैत खाडीकाठी जमिनीतलं पाणी वर येऊन अंगणाच्या पातळीला लागतं. एक मीटर पाणी दर चौरस मीटरला एक टन जोरानं वर ढकलतं, तेव्हा दीड मीटर पाणी तुमच्या तळाला सुमारे २८ टनांनी वर ढकलत होतं. सहा इंची भिंती आणि तळ धरला तर तलावाच्या काँक्रीटचं वजन भरतं सतरा टनांच्या आसपास. तलाव भरलेला असतो तेव्हा आतलं पाणीच आणखी २८ टन असतं, म्हणून तो जागचा हलत नाही. तुम्ही ते वजन काढून घेतलंत. भरल्या हौदात रिकामं पातेलं दाबून धरलं आणि हात सोडला की काय होतं, तेच झालं.

आता क्लेम. तुम्हाला आवडणार नाही, पण कंपनीचं म्हणणं निराधार नाही. पॉलिसीत पूर आणि पाणी तुंबणं आहे, जमीन खचणं आहे. तुमची जमीन खचली नाही, तलाव उचलला गेला. आणि अंगणात बाहेरून पाणी शिरलं असं तुमच्या पत्रात कुठं नाही. भूगर्भातल्या पाण्याचा दाब हा वेगळा प्रकार धरला जातो. अमेरिकेतल्या घरांच्या पॉलिसीत तर जमिनीखालच्या पाण्याचा तरणतलावावर पडणारा दाब नाव घेऊन वगळलेला आहे, इतका तो नेहमीचा.

एकच फट दिसते. त्या दिवसांत खाडीचं पाणी भरतीबरोबर तुमच्या आवारात आलं होतं का? अंगणात घोटाभर का होईना, पाणी उभं होतं का? असेल तर ते पाणी तुंबणंच, आणि तलाव त्यानंच उचलला गेला असं म्हणायला जागा आहे. पुरावा लागेल : तलाठ्याचा पंचनामा, त्या तारखांचा हवामान खात्याचा पाऊस, शेजाऱ्यांनी काढलेले तारीखवार फोटो, पाणी भिंतीवर कुठवर चढलं त्याची खूण. हे सगळं जोडून आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, नकाराच्या पत्रापासून एक वर्षाच्या आत जायचं. महाराष्ट्रात मुंबईला, ठाण्याला आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. आवारात पाणी आलंच नव्हतं, तर टपालखर्च वाचवा. आणि पाणी आलं होतं असं आता 'आठवू' नका. सर्व्हेअरनं पहिल्या भेटीत भिंतींचे फोटो काढलेले असतात, ओल कुठवर आहे ते त्यात दिसतं.

नवा बांधताना तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवून घ्या. बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की तो उघडतो आणि ते पाणी तलावात येऊ देतो. तलावाशेजारी तळापेक्षा खोल एक खड्डा ठेवा, सच्छिद्र पाइप घातलेला, म्हणजे टॉर्च मारून जमिनीतलं पाणी कुठवर आलंय ते दिसेल. बांधणारे 'गरज नाही' म्हणतील. त्यांना म्हणावं, लिहून द्या. आणि जून ते ऑक्टोबर तलाव उपसायचा नाही. शेवाळासाठी क्लोरिनचा जादा डोस आणि ब्रश पुरतो, पाणी हिरवं दिसतंय म्हणून कुणी मरत नाही.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई ॲरिझोनात फिनिक्सजवळ घर घेताहेत. घराला मागे तलाव आहे. विमा एजंट म्हणतो, तलावाभोवती कुंपण घाला, डायव्हिंग बोर्ड काढून टाका, जबाबदारीची रक्कम वाढवा आणि वर आणखी एक पॉलिसी घ्या. नात तीन वर्षांची आहे. जावयांना वाटतं एजंट त्याचं कमिशन बघतोय. तुम्हाला तिकडचं काही माहीत आहे का? – एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, थोडंफार आहे, आणि या वेळी मी एजंटाच्या बाजूनं आहे. जावयांना सांगा.

तिकडे घराची पॉलिसी भागांत असते. मुख्य घर एका भागात. तलाव, कुंपण, शेड ही 'इतर बांधकामं' दुसऱ्या भागात, आणि त्यांची रक्कम सहसा घराच्या १० टक्के. घर साडेचार लाख डॉलरला धरलं असेल तर या सगळ्यांना मिळून ४५ हजार. तलाव, त्याचा डेक आणि कुंपण पुन्हा बांधायला याहून जास्त लागणार असतील तर एवढाच भाग वाढवून घ्यायचा. पूर आणि भूकंप त्यात नाहीत. सरकारी पूर-विमा वेगळा घेतला तरी त्यात तरणतलाव चक्क वगळलेला आहे.

आणखी एक भाग जबाबदारीचा, तो बहुतेक पॉलिसींत १ लाख डॉलरपासून सुरू होतो. तिकडच्या दवाखान्यांची बिलं पाहता तलाव असलेल्या घराला हे काहीच नाही, म्हणून ३ किंवा ५ लाखांपर्यंत न्या असं सांगतात. त्याच्या वरची 'अंब्रेला' पॉलिसी ही एजंटानं काढलेली टूम नव्हे. आणखी १० लाख डॉलरचं संरक्षण, त्याला वर्षाला साधारण दोन-तीनशे डॉलरपासून पडतात. खालची जबाबदारी बऱ्यापैकी असल्याशिवाय ती देतच नाहीत, म्हणून एजंट दोन्ही एकदम सांगतोय.

शेजारचं पोर न विचारता आवारात शिरून बुडालं तर? आपल्याकडे पहिलं वाक्य असतं, 'आलंच कशाला?' तिकडचं कोर्ट विचारतं, लहान मूल ओढलं जाईल अशी धोक्याची गोष्ट उघडी का ठेवलीत? याची सुरुवात १८७३ च्या एका खटल्यापासून झाली. नेब्रास्कात रेल्वेचं इंजिन फिरवायच्या चक्रावर खेळताना सहा वर्षांच्या मुलाचा पाय चेंगरला, तो रेल्वेच्या जागेत आगंतुकच होता, तरी सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेला जबाबदार धरलं. आज त्या चक्राच्या जागी परसातले तलाव आले आहेत. डायव्हिंग बोर्ड आणि घसरगुंडी असली की काही कंपन्या पॉलिसीच नाकारतात, कारण मानेच्या दुखापती तिथंच होतात. बोर्ड काढायला एक पाना आणि एक दुपार लागते.

कुंपणाचं तर विम्याच्या आधी कायद्याचं बंधन आहे. सहा वर्षांखालचं मूल घरात राहत असेल तर ॲरिझोनाचा कायदा सांगतो : किमान ५ फूट उंच अडथळा, त्यात चार इंची गोळा आरपार जाईल एवढीही फट नको, फाटक तलावापासून बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप मिटणारं आणि आपोआप कडी लागणारं, कडी जमिनीपासून ५४ इंचांवर. गावाचे नियम याहून कडक असू शकतात. अमेरिकेत १ ते ४ वयाच्या मुलांच्या मृत्यूंमध्ये बुडणं पहिल्या क्रमांकावर आहे. तुमची नात तीन वर्षांची आहे. जावयांना कमिशनचा हिशेब मग करू दे, आधी राहायला जाण्यापूर्वी कुंपण.

तुम्ही तिकडे जाल तेव्हा एवढंच करा. फाटकाला खुर्ची लावून ते उघडं ठेवायची सवय घरात कुणाला लागलीय का ते बघा. बहुधा लागलेली असते.

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या सोसायटीत तलाव आहे. मी माझ्या फ्लॅटचा विमा घेतलाय. तलावाचा माझ्या वाट्याचा वेगळा घ्यावा का? – एक सभासद

उत्तर : नको. तलाव सोसायटीचा, विमा सोसायटीनं घ्यायचा. वार्षिक सभेत सेक्रेटरींना दोन गोष्टी दाखवायला सांगा : पॉलिसीत तलाव नावानं आहे का, आणि लायबिलिटी आहे का, असल्यास एका घटनेला किती. 'आपला लाइफगार्ड आहे ना' हे उत्तर आलं तर तो कुणाच्या पगारावर आहे आणि त्याच्या एजन्सीचा विमा आहे का तेही विचारा. सभेत चहा गार होईल, होऊ दे.

प्रश्न : सोलापूरच्या उन्हात मुलांसाठी गच्चीवर प्लॅस्टिकचा मोठा टब-पूल मांडलाय, १० बाय ६ फुटांचा, दोन फूट पाणी भरतो. खाली भाऊ राहतो. काही झालं तर घराच्या विम्यात येईल ना? – एक वाचक

उत्तर : दोन फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला सहाशे किलोंच्या वर. घरांच्या वापरत्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला दीडशे किलोंचा भार धरून काढतात. तुमच्या टबात जवळजवळ साडेतीन टन पाणी आहे आणि वर मुलं उड्या मारताहेत. स्लॅबला तडा गेला तर कंपनी 'जादा भार टाकलात' म्हणून हात वर करेल, आणि भावाच्या टीव्ही-सोफ्याचं नुकसान तुमच्या पॉलिसीत लायबिलिटीचं कलम असेल तरच मिळालं तर मिळेल. मुलांना अंगणात घोट्याएवढ्या पाण्यात खेळवा, तेही समोर बसून. आणि आज संध्याकाळी टब रिकामा करा. एकदम ओतू नका, पाइप लावून हळूहळू गटारात सोडा, भावाच्या गॅलरीत नको.